राजाचा गँबिट आणि गणकयंत्राचा निवाडा



बुद्धिबळाच्या पटावर आक्रमणाचे मार्ग पुष्कळ आहेत. परंतु ज्या एका सुरुवातीनें सुमारें साडेचारशें वर्षें खेळाडूंना वेड लावलें, जिच्या पोटीं या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध डाव जन्मास आला, आणि जिच्यावर आजच्या गणकयंत्रानें प्रतिकूल शेरा मारला, अशा सुरुवातीचा वृत्तांत आज सांगण्याचें मी योजिलें आहे. तिचें नांव 'राजाचा गँबिट'. हा वृत्तांत केवळ खेळाचा नाहीं. एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणून ती खरीही असते काय, आणि ती खरी नाहीं असें सिद्ध झाल्यावर तिच्या सौंदर्याचें काय करावयाचें, असा एक जुना प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

प्रथम 'गँबिट' हा शब्द पाहूं. इटालियन भाषेंत प्रतिस्पर्ध्याच्या पायांत पाय घालून त्याला पाडण्याच्या युक्तीला जो शब्द आहे, त्यावरून तो निघाला. आपल्या तालमींत जिला टांग मारणें म्हणतात, तीच ही युक्ति. टांग मारणारा मल्ल क्षणभर एका पायावर उभा राहतो. प्रतिस्पर्धी पडला तर कुस्ती जिंकली, न पडला तर स्वतःचाच तोल गेला. स्पेनमधील रुय लोपेझ नांवाच्या धर्मोपदेशकानें १५६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा शब्द बुद्धिबळास लाविला, आणि तो इतका चपखल बसला कीं सर्व भाषांनीं तो जसाच्या तसा उचलला.

या सुरुवातीच्या खेळ्या अगदीं थोड्या आहेत. पांढरा आपल्या राजापुढील प्यादें दोन घरें सरकवितो. काळाही तसेंच करतो. दुसऱ्या खेळीस पांढरा राजाकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें पुढें ढकलून तें काळ्याच्या प्याद्याच्या तोंडीं देतो. घ्यावयाचें असेल तर घ्या, असें हें उघड आव्हान आहे. आपल्याकडील देशी पद्धतींत प्यादें सामान्यतः एकच घर चालत असे. त्यामुळें हा झटपट भडका विलायती नियमांतच संभवतो.

प्यादें देऊन पांढऱ्याला मिळतें काय? एक तर काळ्याचें मधलें प्यादें बाजूला ओढलें जातें, आणि पटाच्या मध्यभागीं पांढऱ्याला आपलीं दोन प्यादीं शेजारीं शेजारीं उभीं करण्यास वाव मिळतो. दुसरें असें कीं उंटापुढची पट्टी मोकळी होते आणि किल्लेकोट झाल्यावर पांढरा हत्ती त्या पट्टींतून थेट काळ्या राजाच्या कडेच्या घरावर रोंखला जातो. तें घर सुरुवातीस एकट्या राजाच्याच संरक्षणाखालीं असतें. पटावरील सर्वांत दुबळें ठिकाण तेंच. परंतु हा व्यवहार एकतर्फी नाहीं. तें प्यादें पुढें गेल्यामुळें पांढऱ्याच्या स्वतःच्या राजाकडे जाणारी तिरकी वाट उघडी पडते आणि काळा वजीर तिसऱ्याच खेळीस शह देऊं शकतो. घराची भिंत पाडून शेजाऱ्यावर तोफ डागावी, असा हा प्रकार आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील कॅलाब्रिया प्रांताचा ग्रेको हा खेळाडू युरोपांतील दरबारांतून फिरत असे. त्याच्या हस्तलिखितांत या गँबिटचे चमकदार डाव आहेत. तीं हस्तलिखितें त्याच्या मृत्यूनंतर १६५६ सालीं लंडनमध्यें छापलीं गेलीं. पुढें १७४९ सालीं फ्रान्सचा संगीतकार फिलिदोर यानें आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि प्यादीं हा या खेळाचा प्राण आहे असें प्रतिपादिलें. परंतु जनांचें मन त्या शिकवणीकडे वळण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बळी देणें हें शौर्य आणि दिलेला बळी न घेणें हें भित्रेपण, असाच समज रूढ होता.

या काळाचा कळस म्हणजे २१ जून १८५१ रोजीं लंडन येथें खेळला गेलेला एक डाव. त्या वर्षीं लंडनमध्यें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें आणि त्याच निमित्तानें बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ब्रेस्लाउ येथील शाळेंत गणित शिकविणारा अँडरसन हा तींत विजयी झाला. पहिल्याच फेरींत त्यानें ज्याला बाहेर काढलें तो कीझेरित्स्की हाही पूर्वाश्रमींचा गणिताचाच शिक्षक. बाल्टिक किनाऱ्याकडील दोर्पात गांव सोडून तो १८३९ सालीं पॅरिसला आला आणि तेथील प्रसिद्ध कॉफीगृहांत पैसे घेऊन बुद्धिबळ शिकवून उदरनिर्वाह करीत असे. या दोघां गणितज्ञांनीं स्पर्धेबाहेर, केवळ मौजेखातर, एक डाव मांडला. सुरुवात अर्थातच राजाचा गँबिट.

त्या डावांत अँडरसननें प्रथम एक उंट सोडला, मग दोन्ही हत्ती सोडले, आणि शेवटीं वजीरही सोडला. तेविसाव्या खेळीस उरलेला एक उंट आणि दोन घोडे यांच्या बळावर त्यानें मात केली. काळ्याचा बहुतेक सरंजाम त्या वेळीं पटावर शाबूत होता. पण राजाच्या कामास येईल असा त्यांत एकही नव्हता. पुढें १८५५ सालीं फाल्कबेअर या लेखकानें या डावाला 'अमर डाव' असें नांव दिलें, आणि तेंच चिरस्थायी झालें. कीझेरित्स्कीचें मोठेपण असें कीं, आपला हा पराभव त्यानें लपविला नाहीं. स्वतः चालवीत असलेल्या मासिकांत त्यानें तो त्याच वर्षीं छापला. दोनच वर्षांनीं, १८५३ सालीं, तो पॅरिस येथें दारिद्र्यांत निवर्तला. जग त्याला आजही मुख्यतः त्या एका पराभवासाठींच ओळखतें.

यानंतर वारें बदललें. व्हिल्हेल्म स्टाइनिट्झ हा तरुणपणीं स्वतः गँबिटचा भोक्ता होता. पण पुढें त्यानें या खेळाला शास्त्राची बैठक दिली. आक्रमण हें केवळ इच्छेनें करतां येत नाहीं. स्थितीचा तोल आधीं आपल्याकडे झुकला असेल तरच तें न्याय्य ठरतें, असा त्याचा सिद्धांत. बळी घ्यावा, धीर न सोडतां संकट सोसावें, आणि योग्य क्षणीं तो परत करून डाव सुरक्षित करावा, ही त्याची शिकवण. १८८६ सालीं त्सुकरटोर्टला जिंकून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला. 'अमर डावा'चीही त्यानें गय केली नाहीं. अँडरसननें उंट पुढें टाकून दोन्ही हत्ती सोडले, त्या अठराव्या खेळीला काळ्यानें राजाजवळचा हत्ती उंटानें मारला. त्याऐवजीं वजिरानें दूरचा हत्ती शह देऊन आधीं मारला असता आणि वजीर लगेच मागें घेतला असता, तर काळा सांवरला असता, असें त्यानें १८७९ सालीं सुचविलें.

आक्रमकांनीं शस्त्रें मात्र खालीं ठेविलीं नाहींत. १९०३ सालीं व्हिएन्ना येथें एक विलक्षण स्पर्धा भरली. तींत प्रत्येक डाव याच गँबिटनें सुरू करावा आणि दिलेलें प्यादें काळ्यानें घेतलेंच पाहिजे, असा नियम होता. रशियाचा चिगोरिन ती जिंकला. तरी थोरांच्या सामन्यांतून हा गँबिट हळूहळू मागें पडत गेला. १९६० सालीं मात्र बोरिस स्पास्कीनें त्याला पुन्हा उजेडांत आणलें. लेनिनग्राड येथें त्यानें ब्रॉनस्टाइनला या गँबिटनें हरविलें. त्याच डावाच्या आधारानें १९६३ सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी चित्रपटांत बुद्धिबळाचा प्रसंग रचला गेला. त्याच वर्षीं अर्जेंटिनांतील मार देल प्लाता येथें सतरा वर्षांचा अमेरिकन खेळाडू बॉबी फिशर त्याच्यापुढें याच गँबिटमध्यें हरला. तो पराभव फिशरच्या जिव्हारीं लागला. १९६१ सालीं त्यानें एका त्रैमासिकांत लेख लिहून हा गँबिट कायमचा मोडीत काढल्याची घोषणा केली. पांढऱ्याचा घोडा बाहेर येतांच काळ्यानें वजिरापुढचें प्यादें एकच घर सरकवावें, म्हणजे तो घोडा पुढें मध्यभागीं घुसूं शकत नाहीं, आणि पांढरा निश्चित हरतो, असा त्याचा दावा होता. गंमत अशी कीं पुढें १९६३ आणि १९६८ सालीं फिशर स्वतःच हा गँबिट खेळला आणि जिंकला. फक्त घोड्याऐवजीं त्यानें उंट आधीं बाहेर काढला. मनुष्याचा निवाडा असा असतो. त्यांत बुद्धि असते, तसा रागही असतो.

आतां गणकयंत्राकडे वळूं. १७७० सालीं व्हिएन्नाच्या दरबारांत केंपेलेननें बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखविला होता. पण त्याच्या पेटींत एक मनुष्य दडलेला असे. खऱ्या यंत्राचा विचार अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं एका व्याख्यानांत मांडला आणि पुढील वर्षीं तो निबंधरूपानें छापला. त्याचा एक हिशेब शाळेंतील मुलालाही समजेल. प्रत्येक वेळीं सरासरी ३० खेळ्या शक्य मानल्या, तर पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून सुमारें १,००० प्रकार होतात. डाव ४० खेळ्यांचा धरला, तर १,००० हा आंकडा ४० वेळां स्वतःशीं गुणावा लागतो. म्हणजे एकावर १२० शून्यें. एवढे डाव तपासून निकाल लावणें कोणत्याही यंत्राला शक्य नाहीं. म्हणून यंत्रानें कांहीं खेळ्या खोल पाहावें, तेथें थांबून स्थितीची किंमत आंकड्यांत ठरवावी, आणि प्रतिपक्षी आपल्याला सर्वांत अपायकारक असेंच उत्तर देईल हें गृहीत धरून त्यांतल्या त्यांत उत्तम खेळी निवडावी, असा मार्ग त्यानें दाखविला.

इंग्लंडांत ॲलन ट्युरिंग यानें अशीच एक कृति लिहिली. तिला चालविण्याजोगें यंत्र हातीं नव्हतें, म्हणून १९५२ सालीं त्यानें स्वतःच कागदावर आंकडेमोड करून एका सहकाऱ्याशीं डाव खेळला. एकेका खेळीस सुमारें अर्धा तास लागे. आणि शेवटीं ती कागदी बुद्धि हरली. तेथून पंचेचाळीस वर्षांत केवढा पल्ला गांठला गेला पाहा! मे १९९७ मध्यें 'डीप ब्लू' या यंत्रानें जगज्जेता कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. तें यंत्र एका सेकंदांत सुमारें २० कोटी स्थिति तपाशीत असे. त्यानंतर घरोघरच्या साध्या संगणकावरही जगज्जेत्याहून बळकट खेळणाऱ्या कृति आल्या.

परंतु गँबिटच्या दृष्टीनें या यंत्रांत एक खोड होती. बळी दिल्याचें नुकसान लगेच मोजतां येतें. त्याचें फळ मात्र दहा-पंधरा खेळ्यांनंतर मिळतें. यंत्र जेथें पाहणें थांबवी त्याच्या पलीकडे तें फळ असेल, तर तें त्याच्या हिशेबांत येतच नसे. कुळकर्ण्याच्या वहींत खर्च लिहिला जावा आणि येणें राहून जावें, तशी ही गत. यंत्रांचा वेग वाढला तशी ही उणीव कमी झाली. पुढें डिसेंबर २०१७ मध्यें 'अल्फाझीरो' या यंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याला खेळाचे नियम तेवढे दिले होते. बाकी सर्व तें स्वतःशीं असंख्य डाव खेळून शिकलें. तोंवर अग्रगण्य मानल्या गेलेल्या 'स्टॉकफिश'शीं झालेल्या १०० डावांत त्यानें २८ जिंकले, ७२ बरोबरींत सोडविले आणि एकही गमावला नाहीं. पुढाकारासाठीं प्यादीं सहज सोडून देणें हें त्याच्या खेळाचें एक लक्षण होतें. म्हणजे यंत्र बळीचें वैरी आहे, हा समज आतां टिकत नाहीं.

असें हें निःपक्षपाती यंत्र राजाच्या गँबिटविषयीं काय म्हणतें? खेळाच्या आरंभीं पांढऱ्याकडे जो थोडासा वरचष्मा असतो, तो या दुसऱ्या खेळीनें जातो आणि तोल काळ्याकडे झुकतो. सुमारें अर्ध्या प्याद्याइतका. प्यादें घ्यावें, आणि पांढरा घोडा बाहेर येतांच घोड्यापुढचें प्यादें दोन घरें ढकलून मिळकतीस आधार द्यावा, ही शेंकडों वर्षांची जुनी रीत यंत्रालाही मान्य आहे. 'अमर डावा'पुरतें बोलावयाचें तर अठराव्या खेळीस अँडरसनपाशीं अधिक शांत आणि अधिक बळकट खेळ्या होत्या; आणि त्यानें निवडलेल्या देखण्या खेळीला स्टाइनिट्झनें सुचविलेलें उत्तर खरोखरच बिनतोड होतें. एका मनुष्यानें यंत्राशिवाय जें ताडलें, तें यंत्रानें सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं पडताळून दिलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. शेरा मारणें वेगळें आणि सिद्ध करणें वेगळें. २००७ सालीं कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या शेफर यांनीं 'चेकर्स' हा खेळ संपूर्ण सोडविला. दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर तो बरोबरींत सुटतो, असें सिद्ध झालें. बुद्धिबळांत मात्र पटावर सात मोहरे उरले असतां पुढें काय होईल, इतकेंच संपूर्ण कोष्टक तयार झालें आहे. आणि खेळ तर बत्तीस मोहऱ्यांनीं सुरू होतो. एप्रिल २०१२ मध्यें मोठी मौज झाली. 'रिब्का' या कृतीचा कर्ता राजलिख यानें अनेक संगणक जोडून राजाचा गँबिट पूर्णपणें सोडविल्याचें वृत्त एका प्रख्यात बुद्धिबळ-संस्थेनें दिलें. प्यादें घेतल्यावर पांढरा फक्त एकाच खेळीनें वांचतो, ती म्हणजे उंट एकच घर सरकविण्याची, असें त्यांत होतें. पुष्कळ जाणत्यांनीं तें खरें मानलें. मागाहून उलगडा झाला कीं ती पहिल्या एप्रिलची थट्टा होती! या थट्टेंतून एक बोध घेण्याजोगा आहे. यंत्राच्या नांवानें जें सांगितलें जाईल त्यावर आपण किती तत्परतेनें विश्वास ठेवतों! पूर्वीं 'शास्त्रांत लिहिलें आहे' या शब्दांनीं तोंड बंद होत असे. आतां 'यंत्रानें सांगितलें आहे' या शब्दांनीं होतें. विचारणारा मात्र दोन्ही वेळीं गप्पच.

जन्मभर मुलांना अंकगणित शिकविणाऱ्यास यांत एक ओळखीची गोष्ट दिसते. पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात. तीं पाहणारा मुलगा चुकत नाहीं, आणि शिकतही नाहीं. यंत्राचा 'अर्धें प्यादें' हा आंकडा म्हणजे असें छापील उत्तर आहे. तो कां आला, हें यंत्र शब्दांनीं सांगत नाहीं. परंतु जो विद्यार्थी त्या उत्तराला पुनःपुन्हा प्रश्न विचारतो, मी असें खेळलों तर तूं काय करशील, आणि तसें खेळलों तर काय करशील, त्याच्यापुढें कारणें एकेक करून उभीं राहतात. राजाची वाट उघडी टाकण्याची किंमत किती, मिळविलेलें प्यादें कोणत्या क्षणीं परत करावें, हें तो स्वतः शोधून काढतो. यंत्र गुरु होऊं शकतें. पण प्रश्न विचारणारा शिष्य भेटला तरच.

मग हा गँबिट मेला काय? आंकड्यांनीं पाहिलें तर श्रेष्ठ खेळाडूंनीं तो पुष्कळसा सोडला आहे. तथापि २०१० सालीं रुमानियांत कार्लसननें चीनच्या वांग युए याला याच गँबिटनें हरविलें; आणि तेव्हां यंत्राचा शेरा सर्वांना ठाऊक होताच. अर्ध्या प्याद्याचा फरक यंत्राला मोठा. समोर घड्याळ चालू असतां, पटावर आग लागली असतां, मनुष्याला तो सांपडेलच असें नाहीं. यंत्र सांगतें तें निर्दोष प्रतिपक्षाविषयीं. आपला प्रतिपक्षी मनुष्य असतो, आणि आपणही.

सौंदर्याच्या प्रश्नाचें उत्तर मला असें वाटतें. 'अमर डाव' निर्दोष नाहीं, हें आतां निश्चित झालें. पण तो सुंदर आहे यांत उणें पडलें नाहीं. शेवटचे तीन मोहरे ज्या एकोप्यानें राजाला कोंडतात, तो एकोपा खराच आहे. चूक होती ती आपल्या समजुतींत. शौर्याला उत्तरच नसतें असें आपण मानीत होतों. उत्तर होतें, तें फक्त कोणाला सुचलें नव्हतें. आणि यंत्राच्या या निवाड्यानें एका माणसाला न्याय मिळाला. कीझेरित्स्कीला दीड शतक जगानें केवळ एका देखाव्यांतील पडलेला मल्ल म्हणून पाहिलें. आतां कळतें कीं अठराव्या खेळीपर्यंत त्याचा डाव हातचा गेलेला नव्हता. फक्त कोणता हत्ती आधीं मारावा, एवढाच प्रश्न होता. त्या बिचाऱ्याला हें कळलें नाहीं. पण आपला पराभव स्वतःच्या हातानें छापून त्यानें तो पुढील पिढ्यांच्या स्वाधीन केला, म्हणून तर स्टाइनिट्झला तो तपासतां आला, आणि यंत्रालाही. ज्ञानाची वाट अशीच चालत आलेली आहे. जिंकणाऱ्यांनीं दाखविलेलें तेज जितकें तिला लागतें, तितकीच हरणाऱ्यांनीं प्रांजळपणें ठेविलेली नोंदही लागते.